‘बाई, मी काहीतरी दाबलं’ : प्राथमिक शाळेत संगणक आणि ऑनलाइन सुरक्षितता शिकवायला घेताना

शाळेत रुजू होऊन आठवडा होत नाही तोच मुख्याध्यापक किल्ल्यांचा जुडगा पुढे करतात. ‘तुम्ही तरुण आहात, संगणकाचं तुम्हीच बघा.’ आपल्याकडे तंत्रस्नेही शिक्षक बहुतेक असेच तयार होतात. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र सगळ्यांकडे असतं, पण सहा वर्षांच्या मुलीच्या हातात माउस कसा द्यायचा हे त्यात नव्हतं. तिच्या आईच्या मोबाईलवर नको ते आलं तर तिनं काय करायचं, हे तर कुठल्याच प्रशिक्षणात कुणी मला सांगितलं नव्हतं.

मी हे द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकले. पाच संगणक होते, त्यातले दोन चालू. तुमच्याकडे सुसज्ज लॅब असेल तर छानच, नसेल तरी अडत नाही. क्रम मात्र मी सांगते तोच ठेवून बघा.

आधी खोली, मग मुलं

पहिल्या दिवशी एकट्यानंच खोली उघडा. संगणक लोकवर्गणीतून आलेले असोत की योजनेतून, पावसाळा आणि उंदीर दोन्हींना सारखेच वागवतात. कुरतडलेल्या वायरी बदला. गावातल्या वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते दुरुस्त होईपर्यंत एकाही मुलाला आत सोडू नका. यूपीएसची बॅटरी मेलेली असणार हे धरूनच चाला.

मग प्रत्येक संगणकावर दोन खाती करा. एक तुमचं, पासवर्ड लावलेलं. दुसरं मुलांचं, साधं, ज्यातून नवीन काही इन्स्टॉल करता येत नाही. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टनं सुरक्षा अपडेट देणं ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलं, आणि शाळांमधली बरीच यंत्रं त्याहूनही जुनी. अशा संगणकावर कुणा जाणकाराकडून विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट प्रणाली टाकून घ्या, नाहीतर तो इंटरनेटला जोडूच नका. खरं तर पहिले सहा महिने मी इंटरनेट वापरतच नाही. चित्रांसाठी टक्सपेंट आणि खेळांसाठी जीकॉम्प्रि ही दोन सॉफ्टवेअर फुकट आहेत. पेन ड्राइव्हवरून टाकता येतात आणि नेटशिवाय चालतात. प्राथमिकला तेवढं पुष्कळ होतं.

तास कुठून आणायचा? कार्यानुभवाचे तास आहेतच. सुरक्षिततेचा भाग परिसर अभ्यासात आणि परिपाठाच्या पाच मिनिटांत बसतो. वेगळ्या तासिकेची वाट बघत बसलात तर वर्ष जाईल.

पहिला तास बिघडवण्याचा

सुरुवातीला मी दारावर स्वतःच्या सुंदर अक्षरात पाटी लावली होती : ‘विचारल्याशिवाय हात लावू नये.’ एकदा तिसरीतल्या एका मुलाचा संगणक अचानक बंद पडला. ‘बाई, मी नाही केलं’ एवढंच तो म्हणाला. दोन दिवस मी मॉनिटर गेला म्हणून हळहळत होते. तिसऱ्या दिवशी मागे वाकून पाहिलं तर प्लग काढलेला. लावला आणि पडदा उजळला, पण सगळं आडवं, नव्वद अंशांत वळलेलं. कंट्रोल, ऑल्ट आणि बाणाचं बटण एकदम दाबलं की काही जुन्या संगणकांवर पडदा फिरतो. पोरानं चुकून ते दाबलं, घाबरला आणि सरळ वायर उपटली. दोन दिवस तो डबा खायलाही माझ्यासमोर बसला नव्हता.

पाटी त्याच दिवशी काढली. आता माझा पहिला तास बिघडवण्याचा असतो. प्रत्येकानं एक चित्र काढायचं, मग ते मुद्दाम पूर्ण पुसायचं आणि नंतर कंट्रोल धरून झेड दाबायचं. चित्र परत आलं की वर्गात जो आवाज होतो तो शेजारच्या वर्गावर ऐकू जातो, तेव्हा सहकाऱ्यांना आधी सांगून ठेवा. त्यानंतर एक वाक्य सगळ्यांनी मोठ्यानं म्हणायचं : ‘बाई, मी काहीतरी दाबलं.’ यावर माझं उत्तर कायम एकच : ‘काय दाबलंस? दाखव.’ रागावणं नाही, कपाळाला आठी नाही, ‘तरी सांगत होते’ तर अजिबात नाही.

हा सगळा खटाटोप संगणकासाठी नाही. तिसरीत प्लग काढून गप्प बसलेला मुलगा पाचवीत आजोबांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी कुणाला तरी सांगून बसतो आणि तेव्हाही गप्पच बसतो. सुरक्षितता शिकवायची म्हणजे मुख्यतः हे गप्प बसणं मोडायचं, आणि ते मोडायला संगणकाच्या खोलीइतकी सोपी जागा दुसरी नाही. तिथे चुकीची किंमत फार तर एक पुसलेलं चित्र.

वीज नाही? मैदानात चला

वीज नसेल तर मैदानात खडूनं किंवा फक्कीनं चौकोन आखा, चार बाय चार पुरे. एक मूल यंत्रमानव. बाकीच्यांनी त्याला एका कोपऱ्यातून दप्तरापर्यंत न्यायचं, पण बोलून नाही, चिठ्ठ्यांनी. चिठ्ठ्या तीनच प्रकारच्या : ‘पुढे’, ‘डावीकडे वळ’, ‘उजवीकडे वळ’. सगळ्या चिठ्ठ्या आधी क्रमानं लावायच्या, मग यंत्रमानवानं एकेक वाचत चालायचं.

पहिल्या खेपेला हमखास दोन गोंधळ होतात. ‘डावीकडे वळ’ म्हटल्यावर यंत्रमानव वळतो आणि एक पाऊल टाकतोही. मग भांडण : वळणं आणि चालणं एकच की दोन? हे भांडण तोडू नका, हाच धडा आहे. दुसरा गोंधळ डाव्या-उजव्याचा. यंत्रमानव आपल्याकडे तोंड करून उभा असला की त्याचं डावं ते आपलं उजवं. मुलं स्वतः जाऊन त्याच्या मागे उभी राहतात तेव्हा समजावं की डोक्यात प्रकाश पडला. दप्तरापर्यंत पोहोचला नाही तर विचारायचं, ‘कितव्या चिठ्ठीत चुकलं?’ ‘कुणी चुकवलं?’ असं कधीच विचारायचं नाही. चार-पाच फेऱ्यांनंतर कुणीतरी म्हणतंच, ‘बाई, तीनदा पुढे-पुढे लिहायचा कंटाळा येतो, एकाच चिठ्ठीवर “पुढे तीन वेळा” लिहू का?’ ते मूल प्रोग्रॅमिंगमधला लूप स्वतःच शोधून बसलेलं असतं. नाव नंतर सांगितलंत तरी चालेल.

दुसरा खेळ वहीतला. ठिपक्यांची रांगोळी घरोघरी माहीत असते. चौकटीच्या वहीत आठ बाय आठ घरांमध्ये एकीनं पणती किंवा मासा रंगवायचा आणि पाठीला पाठ लावून बसलेल्या दुसरीला ओळीओळीनं सांगायचं : ‘दोन रिकामी, चार भरलेली, दोन रिकामी.’ दुसरीनं भरायचं. आकडे बरोबर असतील तर मासा तस्साच उमटतो. मग तुमच्या मोबाईलवरचा एखादा फोटो भरपूर मोठा करून त्यातले चौकोन दाखवा. फोटो म्हणजे ठिपके आणि ठिपके म्हणजे आकडे, हे मुलांना लगेच पटतं.

आणि मग मासा आधी रंगवणाऱ्या मुलीला सांगा, ‘आता तुझ्या वहीतला मासा पुसून टाक.’ ती पुसते. तिच्या जोडीदारणीच्या वहीत मासा तसाच असतो. पाठवलेला फोटो आपल्याकडून डिलीट केला तरी गेला का, या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही. तिसरीतली मुलगी हे पाहून म्हणाली होती, ‘म्हणजे सांगायच्या आधीच विचार करायचा.’ मी पुढे काहीच बोलले नाही.

पाचवीपर्यंत कोडिंग शिकवलंच पाहिजे या दडपणात राहू नका. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कोडिंगचे उपक्रम सहावीपासूनच्या टप्प्यासाठी सांगितले आहेत. हौस असेल तर चौथी-पाचवीला स्क्रॅच दाखवा. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये तयार झालेलं हे फुकट सॉफ्टवेअर आठ वर्षांच्या पुढच्या मुलांसाठीच आहे आणि नेटशिवाय चालणारी आवृत्तीही मिळते.

माउस, कीबोर्ड आणि मराठी

एका संगणकावर तीन मुलं बसणार हे गृहीत धरा. माझा नियम : ज्याच्या हातात माउस, त्यानं काही ठरवायचं नाही. दुसऱ्यानं सांगायचं, तिसऱ्यानं बघायचं आणि पाच मिनिटांनी जागा बदलायच्या. हा नियम नसला तर दोन धीट मुलगे वर्षभर माउस धरतात आणि मुली मागे उभ्या राहून बघतात. हे मी एक पूर्ण वर्ष होऊ दिलं आहे.

मराठी टायपिंगला मी इन्स्क्रिप्ट, म्हणजे बटणांवर थेट मराठी अक्षरं असलेली मांडणी, वापरते. मोठ्या माणसांना इंग्रजी स्पेलिंग करून मराठी उमटवणं सोपं वाटतं, पण दुसरीतल्या मुलाला ‘कमल’साठी आधी इंग्रजी अक्षरं जुळवायला लावणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. के दाबलं की क, सी दाबलं की म, एन दाबलं की ल. ‘कमल’ तीन बटणांत. बटणांवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावा, नसतील तर कागदाचे कपटे आणि चिकटपट्टी.

एक अडचण नक्की येणार. पहिली वेलांटी लिहिताना मुलं ती अक्षराच्या आधी काढतात, इथे मात्र ती अक्षरानंतर दाबायची असते. ‘किती’ लिहिताना के आणि मग एफ. मुलं आधी एफ दाबतात आणि वेलांटी एका गोल ठिपक्यांच्या घराला लटकून राहते. तेव्हा मोठ्यानं म्हणायला लावा : ‘क ला पहिली.’ आपण बोलतो त्याच क्रमानं बटणं, लिहितो त्या क्रमानं नाही. दोन दिवसांत बसतं.

सुरक्षितता : मोबाईल साबणाच्या खोक्याचा

आपल्या मुलांचं इंटरनेट संगणकावर नसतं, ते घरातल्या मोबाईलवर असतं. तोही मुलाचा नाही; आईचा, दादाचा, आजोबांचा. व्हॉट्सऍप आणि इन्स्टाग्राम दोघांचीही किमान वयाची अट १३ वर्षं आहे, म्हणजे प्राथमिकच्या मुलाचं खातं असायलाच नको. पण खातं आईचं आणि वापर मुलाचा, हे घरोघरचं चित्र. म्हणून ‘अनोळखी माणसाशी बोलू नका’ हा फलक पुरत नाही. आईच्या नावाच्या खात्यावर बोलणारा आईला ओळखतो की नाही, हे सात वर्षांच्या मुलाला कसं कळणार?

पहिली-दुसरीला मी तीनच कृती शिकवते, त्याही हातानं करून. साबणाच्या रिकाम्या खोक्यावर कागद चिकटवून प्रत्येकानं मोबाईल करायचा. मी म्हणते, ‘घाणेरडं चित्र आलं!’ की मोबाईल पालथा ठेवायचा, जागेवरून उठायचं, मोठ्या माणसाकडे जाऊन सांगायचं. पालथा, उठ, सांग. परिपाठात आठवड्यातून एकदा. मुलांना तो खेळ वाटतो आणि वाटू द्या. भीतीदायक गोष्टी सांगून धाक घालू नका. घाबरलेलं मूल सांगत नाही, लपवतं.

तिसरी-चौथीला खासगी गोष्ट कोणती ते. नाव, शाळा, गाव, घरचा नंबर, फोटो. पासवर्डचा धडा घेताना मी एकदा चूक केली. विचारलं, ‘तुमच्या घरच्या मोबाईलला लॉक आहे का?’ आणि एकानं हात वर करून सांगितलं, ‘आमच्या पप्पांचा पॅटर्न एल आहे!’ पाठोपाठ पाच-सहा पॅटर्न वर्गात जाहीर झाले. काचेवरच्या बोटांच्या तेलकट रेघेवरून तो कसा ओळखायचा हेही एकीनं समजावलं. तेव्हा खरे पासवर्ड कधीच विचारू नका. फळ्यावर खोटा माणूस काढा, त्याचं नाव, जन्मसाल, म्हशीचं नाव लिहा आणि त्याचा पासवर्ड मुलांना ओळखू द्या. तीन प्रयत्नांत ओळखतात. मग न ओळखता येणारा बनवायला सांगा : एकमेकांशी संबंध नसलेले तीन शब्द, जसं हंडा, पतंग, पेरू.

पाचवीला पैसे आणि गेम. गावात आजी-आजोबांचे ऑनलाइन व्यवहार नातवंडंच करून देतात, म्हणून हे वय लहान समजू नका. एक वाक्य पाठच करून घ्या : पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. मग नाटुकलं. एक फसवणारा, फोनवर ‘तुम्हाला दोन हजारांचं बक्षीस लागलंय, फक्त पिन टाका’; एक आजी; एक नात. नातीचं काम फोन ठेवायला लावणं. फसवणाऱ्याची भूमिका सगळ्यांना हवी असते, ती आळीपाळीनं द्या. फसवणाऱ्यानं घाई कशी केली ते नंतर विचारा. ‘लवकर करा, पाच मिनिटंच आहेत’ हे मुलं कुठून तरी ऐकून आपणहून म्हणतात.

क्यूआर कोडही इथेच घ्या. मुलांना दोन कोड माहीत असतात, बालभारतीच्या पुस्तकातला आणि किराणा दुकानातला. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणायचं काम केलं, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. ही गोष्ट सांगा, मुलांना अभिमान वाटतो. आणि मग हेही सांगा की कोड म्हणजे नुसता पत्ता. तो कुठे नेईल हे ठिपक्यांकडे बघून कळत नाही, म्हणून कुणी पाठवलेला कोड मोठ्यांना विचारल्याशिवाय स्कॅन करायचा नाही. गेममध्ये ‘फुकट डायमंड देतो, ओटीपी सांग’ म्हणणारा मित्र आणि ‘फोटो पाठव, मग लेव्हल वाढवतो’ म्हणणारा मित्र, या दोघांवरही याच वर्गात बोला. मुलं अशांची उदाहरणं स्वतःच देतील, फक्त नावं घेऊ नका म्हणावं.

पालकसभा

दुपारी घेतलीत तर दोन आज्या येतील. संध्याकाळी डेअरीला दूध घालून झाल्यावर घ्या, आयांना आवर्जून बोलवा, शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना पुढे बसवा. भाषण नको. प्रत्येकाला आपला मोबाईल काढायला लावा आणि तिथल्या तिथे तीन गोष्टी करून घ्या : प्ले स्टोअरमध्ये खरेदीला पासवर्ड, पैशांच्या ऍपला वेगळं लॉक, लहान मुलांसाठी यूट्यूब किड्स.

मग एकच गोष्ट मागा : जे मूल येऊन सांगेल त्याचा मोबाईल काढून घ्यायचा नाही. इथे वाद होतोच. माझ्या सभेत एक जण उठून म्हणाले, ‘मॅडम, चूक करून वर मोबाईलही द्यायचा? हे म्हणजे बक्षीसच की.’ मी विचारलं, ‘दादा, काढून घेतलात तर पुढच्या वेळी सांगेल का?’ ते खाली बसले, पटलं असं नाही म्हणाले. महिन्याभरानं त्यांचीच मुलगी वडिलांना घेऊन शाळेत आली. गेममधल्या एकानं फोटो मागितला होता, तिनं पाठवला नव्हता आणि घरी सांगितलं होतं. मोबाईल तिच्याच हातात होता.

मूल येऊन सांगतं तेव्हा

बहुतेक वेळा प्रकरण वर्गातलंच असतं. कुणाच्या तरी फोटोचं स्टिकर करून मोठ्या भावाच्या ग्रुपवर टाकलेलं. त्याला पोलीस नकोत. ज्याचं स्टिकर झालं त्याला आधी विचारा की त्याला काय हवंय, करणाऱ्याशी आणि दोन्ही घरांशी वेगवेगळं बोला. सगळ्या वर्गासमोर माफी मागायला लावू नका, त्यानं ते स्टिकर न पाहिलेल्यांनाही कळतं.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन आणि बँकेला कळवणं. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. ऑनलाइन तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. मेसेज पुसू देऊ नका.

लैंगिक स्वरूपाचं काही असेल तर मात्र तुमची भूमिका बदलते. शांतपणे ऐका, मुलाचे शब्द जसेच्या तसे तारीख-वेळेसह लिहून ठेवा, खोदून खोदून आणि पुन्हा पुन्हा विचारू नका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ते तुम्हाला पाळता येणार नाही. मुलाचं तसलं चित्र असेल तर ते स्वतःच्या मोबाईलवर घेऊ नका, स्क्रीनशॉट काढू नका, मुख्याध्यापकांना ‘पुरावा’ म्हणूनही पाठवू नका. असं चित्र बाळगणं-पसरवणं हाच गुन्हा आहे. ज्या मोबाईलवर आहे तिथेच राहू द्या, पोलीस बघतील. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणं कलम २१ खाली शिक्षापात्र. मुख्याध्यापकांना, मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीला सांगा, पण त्यांना सांगितलं म्हणजे पोलिसांना कळवलं असं होत नाही. मदतीसाठी १०९८ ही मुलांची मोफत हेल्पलाइन आहे. गावातले वजनदार लोक ‘आपल्यातच मिटवू’ म्हणायला येतील. चहा द्या, ठाण्यात जा. मुलाचं नाव कुठल्याही ग्रुपवर येता कामा नये.

शेवटी आपल्याकडे

मुलांना फोटोबद्दल सांगायचं आणि आपण परसबागेच्या उपक्रमाचे फोटो नाव-इयत्ता-गावासकट चार ग्रुपवर टाकायचे, हे मुलांच्या नजरेतून सुटत नाही. केंद्रप्रमुखांकडून फोटो मागितले गेले तर पाठमोरे, हातांचे, कामाचे पाठवा. चेहरे हवेच असतील तर पालकांची लेखी संमती घ्या आणि मुलालाही विचारा. माझ्या वर्गात एकीनं ‘नको’ म्हटलं, तेव्हापासून ती प्रत्येक फोटोत कॅमेऱ्याच्या बाजूला उभी असते आणि कधीकधी तीच फोटो काढते.

आणि शाळेची माहिती भरायच्या यू-डायसचा, पगाराच्या शालार्थचा, जो काही असेल तो पासवर्ड लिहिलेला कागद मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असेल तर सोमवारी शाळा भरायच्या आत काढा आणि पासवर्ड बदला. नुसता कागद काढून भागत नाही. पाचवीच्या मुलांना तो पाठ असतो.